जपून, बेतान, बेफाम

त्या गुरुवारी सकाळी बाबा चहात खारी बुडवत होते आणि मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून एकावर एक दोन लोकरी मोजे चढवून बघत होते.

"एकच मोजो," ते म्हणाले. "दोन घातलंस तर पाय आत फिरता. आणि थंडी अधिक लागता."

"तुम्ही कधी गेलायत का बर्फात?"

"नाय. पण पाय बघलंय. अठ्ठावीस वर्सां पायच बघतंय."

आई ओट्याजवळून म्हणाली, "तेंका विचार, माझ्या पायाचो नंबर काय तो. सांगूक येवचो नाय." बाबांनी खारी चहातून काढली, ती अर्धी तुटून कपात पडली होती. चमच्यानं ती शोधत ते म्हणाले, "तेवीस सेंटीमीटर. डावो जरा मोठो." आईनं पाठ फिरवली. तिला ते पटलं होतं आणि पटल्याचं दाखवायचं नव्हतं.

एवढंच. घर आखातात, बुदैया हायवेच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून शेजारच्या बंगल्याची पाण्याची टाकी दिसायची. बाबा रिफामधल्या एका मॉलमध्ये खेळाच्या सामानाच्या दुकानात होते. सुरुवातीचे काही महिने सायकली जोडायचे, मग स्कीचा विभाग निघाला तेव्हा मालकांनी त्यांना तिकडे घातलं. वाळवंटातल्या बेटावर बर्फाचं सामान कोण घेतो, असं गावाकडची माणसं विचारत. घेणारे पुष्कळ. फेब्रुवारीत शाळांना सुट्टी लागली की लोक जॉर्जियाला जातात, लेबनॉनला जातात, पैसेवाले ऑस्ट्रियाला. जाण्याआधी बाबांसमोर बाकावर बसून पाय पुढे करतात.

त्यांनी ते काम एका परदेशी प्रशिक्षकाकडून तीन दिवसांत शिकून घेतलं आणि पुढे स्वतःच्या पद्धतीनं पक्कं केलं. बुटाच्या कडक कवचातलं मऊ अस्तर आधी बाहेर काढायचं. माणसाचा उघडा पाय नुसत्या कवचात घालायचा, बोटं पुढे टेकेपर्यंत सरकवायचा आणि टाचेमागे आपली बोटं घालून बघायची. दोन बोटं मावली की बूट बरोबर. तीन मावली तर मोठा. गिऱ्हाईक नेहमी मोठाच मागतं, कारण दुकानात उभं राहायला तोच बरा वाटतो.

बूट पट्टीला, म्हणजे पायाखालच्या लांब स्कीला, धरून ठेवते ती बाइंडिंग. पडल्यावर तिनं बूट सोडून दिला पाहिजे. नाही सोडला तर पट्टी वळते आणि तिच्याबरोबर गुडघा. ती किती घट्ट ठेवायची हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि माणसाचा प्रकार यांवरून ठरतं. प्रकार तीन. प्रशिक्षकाच्या तक्त्यात प्रत्येकाखाली इंग्रजीतल्या चार-चार ओळी होत्या. बाबांनी आपल्या डायरीत त्याचे तीन शब्द केले: जपून, बेतान, बेफाम. प्रकार गिऱ्हाइकानं स्वतःच सांगायचा आणि फॉर्मवर सही करायची. दुकानातल्या माणसानं सल्ला द्यावा, पण लिहायचं गिऱ्हाईक सांगेल तेच.

"माणूस वजन कमी सांगता आणि हिंमत जास्त," बाबा म्हणायचे. "दोनय खोटा वजा करून खरो आकडो मनात काढूचो लागता. मनातच. कागदार तो सांगता ताच."

मी विमा कंपनीत आहे. लोकांनी अर्जात काय लपवलं ते शोधायचं हे माझं काम. 'विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही' हे उत्तर आम्ही मान्य करत नाही. तरीही ऑफिसात लागले तेव्हा कुणीतरी सहज विचारलं, वडील काय करतात, आणि मी म्हणाले, स्पोर्ट्स गुड्समध्ये आहेत. ते खोटं नव्हतं. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ धंदा असा घेतला आणि मी तो घेऊ दिला. नंतर सहा वर्षांत दुरुस्त करायची वेळ अनेकदा आली. प्रत्येक वेळी वाटलं की आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागेल.

ऑफिसातले आम्ही सहाजण जॉर्जियाला जाणार होतो. मी बाबांना म्हटलं होतं की सामान तिकडेच भाड्यानं घेऊ. "पट्ट्यो घे भाड्यान," ते म्हणाले होते. "बूट भाड्याचे नको. एका सकाळी ये दुकानात, मी बघतंय." मी हो म्हणत राहिले आणि गेले नाही.

त्या गुरुवारी दुपारी नुसरतनं जाहीर केलं की संध्याकाळी सगळ्यांनी रिफाला जायचं. नुसरत रत्नागिरीची, माझ्या शेजारच्या टेबलावरची. ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच, आणि मी मिठबावची म्हणून मला चिडवणारीही तीच. तिच्या मते देवगड तालुक्यात आंबा सोडून काही नाही. मी टाळाटाळ केली असती, पण बाबांची त्या दिवशी सकाळची पाळी होती. सहानंतर ते घरी असणार होते.

ऐन वेळी सहाजणांतले तिघेच निघालो: नुसरत, मी आणि क्लेम्समधला फराज. फराजनं दुबईच्या बंदिस्त बर्फात दोन वेळा स्की केलं होतं आणि त्यावर तो गाडीत रिफापर्यंत बोलत होता.

दुकानात स्कीच्या बाकाजवळ कुणी नव्हतं. फराजनं काउंटरवर बोटं वाजवली. मागच्या कामाच्या खोलीतून हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बाबा बाहेर आले. संध्याकाळचा माणूस आजारी पडला म्हणून त्यांना थांबवून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. त्यांचा चेहरा आधी उजळला, मी दुकानात आले म्हणून. मग त्यांनी माझ्या बाजूच्या दोघांकडे बघितलं आणि ते थांबले. वाट बघत थांबले. ती वेळ फार नव्हती, पण माझं एक वाक्य बोलून झालं असतं एवढी होती. मी वळून हातमोज्यांच्या स्टँडकडे गेले.

"येस मॅडम," बाबा नुसरतला म्हणाले. "हाऊ कॅन आय हेल्प?"

त्यांनी नुसरतचा पाय आधी घेतला. आत गोदामात गनी होता, रायगडचा, बाबांबरोबर पंधरा वर्षं. बाबांनी आत हाक मारली, "गनी, चोवीसचो बूट हाड रे." नुसरतनं ते पकडलं.

"काका, तुम्ही आपले? गाव कुठलं?"

बाबा खाली बसलेले होते. त्यांचा हात तिच्या टाचेमागे होता. जगात कुणीही हा प्रश्न विचारला तरी मिठबाव म्हणायला त्यांना अर्धा क्षण लागत नसे. इमिग्रेशनच्या काउंटरवर कुणी न विचारताही ते सांगायचे. गावाचं नाव, वाडी, देवळापासून किती अंतर.

"कणकवली," ते म्हणाले.

"मग जवळच की. अगो मृणाली, ऐकलंस? ही आमची मिठबावची."

"हो काय?" बाबा म्हणाले. "नाव ऐकलंय."

ते तिच्याशी प्रमाण मराठीत बोलले. मालवणी त्यांनी परत तोंडातून काढली नाही. हातमोज्यांच्या एका जोडीवर थर्मामीटरचं चित्र होतं, उणे वीस. मी ते बघत राहिले.

नुसरतचं झालं. ती जॅकेट बघायला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेली. मग फराज बसला. त्याला स्वतःच्या पट्ट्या हव्या होत्या, बाइंडिंगसकट. बाबांनी फॉर्म घेतला आणि हिंदी-इंग्रजी मिसळून विचारलं. वजन, उंची, वय.

"सर, स्कीअर टाइप?"

"थ्री."

"सर, वन इज बेटर. नवीन पट्टी आहे, पडाल तर सुटायला हवी."

"चाचा, दो बार कर चुका हूँ. थ्री लिखो."

"टू लिहू, सर? मिडल. वरती जाऊन सवय झाली की तिथलं दुकान वाढवून देतं."

"यल्ला चाचा, चलो, थ्री."

बाबांनी पेन वर धरलं. "सर, लास्ट टाइम विचारतो. थ्री म्हणजे जोरात पडलं तरच सुटेल. हळू पडलं तर नाही. शुअर?"

फराज माझ्याकडे बघून हसला. "चाचा डरा रहे हैं." त्यानं सही केली. मीही हसले. तेवढंच मला तेव्हा करता आलं, आणि ते मी केलं.

मग माझी पाळी आली. मला फक्त बूट हवे होते, पण फॉर्म सगळ्यांचा भरतात. मी बाकावर बसले. बाबांनी माझा मोजा काढला. पाय कवचात घातला. टाचेमागे त्यांची दोन बोटं आली आणि तिथेच राहिली. मला ती थरथरताना कळली. फॉर्म मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, "मॅडम, हॅव यू स्कीड बिफोर?"

फराज शेजारी उभा होता. गाडीत मी त्याला सांगून बसले होते की कॉलेजात असताना एकदा मनालीला गेले होते. "वन्स," मी म्हणाले.

बाबांनी वर बघितलं. मी मनालीला कधीही गेले नव्हते आणि ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"टाइप, मॅडम?"

"टू."

त्यांनी दोन लिहिलं. माझ्यासाठीही कागदावर सांगितलं तेच. "गुडघे वाकवा," ते अगदी हळू म्हणाले, "बोटं मागे येतात का बघा." आली. ते मला बोललेलं त्यांचं शेवटचं वाक्य.

रात्री ते घरी आले तेव्हा माझ्या खोलीचा दिवा बंद होता. मी ठरवलं होतं की दुसऱ्या दिवशी शुक्रवार, तिघं एकत्र जेवतो, तेव्हा बोलेन. कसं बोलायचं याची वाक्यंही केली होती. सगळी वाक्यं कारणांपासून सुरू होत होती. सकाळी स्टॉकच्या मोजणीसाठी ते सातलाच गेले. अकरा वाजता गनीचा फोन आला. कामाच्या खोलीत स्टुलावर बसल्या बसल्या बाबा गेले होते.

बाबांना गावी नेलं. कंपनीच्या मुख्य ऑफिसातल्या एका माणसानं कागद केले. दुकानाचा मॅनेजर अमीर तेव्हा रजेवर होता, त्याला मी पाहिलंही नाही. मिठबावात भाऊबंदांनी सगळं केलं. तेराव्याला लोक मला विचारत होते, शेवटी काय बोलले. मी म्हणाले, झोपेत होते मी. आई माझ्याकडे बघत होती. तिला बाबांनी त्या रात्री काही सांगितलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. ती गावीच राहिली. मी एकटी परत आले.

ऑफिसात सगळे चांगले वागले. माझे वडील अचानक गेले एवढं त्यांना माहीत होतं. नुसरत दोन वेळा डबा घेऊन घरी आली. भिंतीवर फोटो नव्हता. होता तो आई घेऊन गेली होती. त्या दुकानातला माणूस तोच, हे मी तिला तेव्हाही सांगितलं नाही.

फराज कुबडी घेऊन येत होता. बाकीचे जॉर्जियाला जाऊन आले होते; तिथे दुसऱ्याच दिवशी सौम्य उतारावर तो हळू पडला होता, पट्टी सुटली नव्हती आणि उजव्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला होता.

मार्चच्या मध्यावर गनीनं फोन केला. "ताई, एक सांगायचंय. तो तुमच्या बरोबरचा पोरगा आलता. बाइंडिंग चुकीचं लावलं म्हणतोय. पांडूभाईंचे हात कापत होते, आजारी माणसाला कामावर बसवलंत, असं लिहून दिलंय त्यानं."

"फॉर्मवर त्याची सही आहे की."

"सही आहे. पण वरचा आकडा पांडूभाईंनी घातला, मी दोन सांगितलंवतं म्हणतो. अमीर साहेब म्हणतायत, कशाला वाद? माणूस तर गेला. 'स्टाफ एरर' लिहितो, त्याला नवी जोडी देतो, खलास. मरहूमला काय फरक पडतो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अठ्ठावीस वर्षांत एक एरर नाही त्यांच्या नावावर," गनी म्हणाला. "मी गोदामात होतो, मी काय ऐकलं नाय. तुम्ही होतात." मग त्यानं आवाज खाली आणला. "पण ताई, राग मानू नका. मुलगी म्हणून बोललात तर कोण ऐकणार? बापाची बाजू घेते म्हणतील. गिऱ्हाईक म्हणून बोला. तुमचा पण फॉर्म आहे ना फायलीत. गिऱ्हाइकाचं वजन पडतं."

त्याचं बरोबर होतं. रोज मीच हे ठरवते की कुणाच्या साक्षीला किती किंमत द्यायची. नातं नसलेला साक्षीदार वरती, नातेवाईक तळाला. बाबांचं नाव वाचवायचं तर त्यांना पुन्हा एकदा न ओळखणं हाच खात्रीचा मार्ग होता.

दुसऱ्या दिवशी फराज माझ्या टेबलाशी आला. कुबडी टेकवून हिंदीत म्हणाला, "तू होतीस ना तिथे? शनिवारी चल माझ्याबरोबर. फक्त एवढंच सांग की त्या म्हाताऱ्याचे हात थरथरत होते. खोटं सांगायला नाही सांगत. तू बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हणाले.

"मग बस."

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. स्कीच्या बाकावर आता एक तरुण मुलगी होती, ती कुणालातरी एक नंबर मोठा बूट देत होती. आम्ही मागे अमीरच्या खोलीत गेलो. अमीर भला माणूस वाटला. त्यानं फराजला पाय ठेवायला दुसरी खुर्ची ओढून दिली. गनी फाइल घेऊन आला, माझ्याकडे न बघता त्यानं ती टेबलावर ठेवली आणि दाराशी उभा राहिला. बाबांसारखाच तोही मला अनोळखी करून उभा होता, माझ्या सोयीसाठी.

अमीरनं सांगितलं की त्याला वाद नको आहे, पण हेड ऑफिसला साक्ष लिहून द्यावी लागते. फॉर्म पुढे ओढून त्यानं माझं ओळखपत्राचं कार्ड मागितलं. नंबर उतरवला. नाव उतरवलं. कार्डावर माझं मधलं नाव पूर्ण आहे, पांडुरंग. ते त्यानं एकेक अक्षर बघून लिहिलं आणि त्याला काही वाटलं नाही. दुकानात बाबांच्या खिशावरच्या पट्टीवर 'पांडू' होतं.

"काय बघितलं, सांगा."

मी इंग्रजीत सांगितलं. फॉर्म माझ्यासमोर भरला गेला. फिटरनं आधी एक सुचवलं, मग दोन. तिसऱ्यांदा विचारताना त्यानं सांगितलं की हळू पडल्यावर हे सुटणार नाही. गिऱ्हाइकानं तीन सांगितलं, तीनच लिहिलं गेलं आणि त्यानंतर सही झाली.

फराज माझ्याकडे बघत राहिला. "मृणाली, क्या बोल रही है?"

"आणि हात?" अमीरनं विचारलं. "हे म्हणतात हात थरथरत होते."

"होते," मी म्हणाले. "पण तुझ्या फॉर्मच्या वेळी नाही, फराज. तुझ्यानंतर. माझ्या वेळी."

गनीनं दाराशी मान खाली घातली.

अमीरनं दोन ओळी लिहिल्या. त्याला हे ऐकून बरं वाटलेलं दिसलं. तो म्हणाला की स्वतंत्र गिऱ्हाइकानं असं सांगितलं म्हणजे प्रश्नच मिटला, एररची नोंद करायचं कारण नाही. फराज कुबडीसाठी हात पुढे करत होता. मी तेवढ्यावर उठू शकत होते. बाबांचं नाव स्वच्छ झालं होतं.

अमीर शेवटच्या रकान्याशी आला. "रिलेशन टू स्टाफ," तो वाचत म्हणाला आणि लिहायला लागला, "नन."

"थांबा," मी म्हणाले.

ते मराठीत आलं. त्यानं पेन उचललं. पुढचंही मराठीतच आलं, "ते माझे बाबा." दाराशी गनीनं डोळे मिटून घेतले. फराजला तो शब्द कळला. त्याचा हात कुबडीवर तसाच राहिला. अमीरला कळला नव्हता, म्हणून मी त्याच्यासाठी पुन्हा सांगितलं, सावकाश, त्याला लिहून घेता येईल असं.

"माय फादर. नाव पांडुरंग, गाव मिठबाव. त्या दिवशी ते माझ्यासमोर खाली बसले होते आणि मी त्यांना ओळख दाखवली नाही. माझ्या साक्षीची किंमत यानं कमी होत असेल तर होऊ दे. तेही लिहा."